सरळ काडतूस आणि लांबचा पल्ला : एका तक्त्याची चिकित्सा

गेल्या महिन्यात एक ज्युनिअर त्याच्या सिनॉप्सिसचा कच्चा खर्डा घेऊन आला. पेटची तयारी सुरू आहे, गाव अकोटकडचं, विषय रोही आणि पिकांचं नुकसान. विषय चांगला आहे. घरच्या हरभऱ्यात रात्री रोह्यांचा कळप शिरलेला त्याने लहानपणापासून पाहिलाय, त्यामुळे लिहिताना हात अडखळत नाही. पण तिसऱ्या पानावर एक मोठा तक्ता होता : अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी वापरली जाणारी 'सरळ' काडतुसं, त्यांचा वेग, ऊर्जा आणि पल्ला. परवानगी घेऊन रोही मारायची वेळ आली तर कोणतं काडतूस योग्य, अशी शिफारस त्याला शेवटी करायची होती. म्हणाला, "भाऊ, याच्यातलं सगळ्यात लांब जाते ते कोणतं, तेवढं सांगा."

मी सांगितलं नाही. का नाही, ते या लेखात लिहितो. काडतूस हे निमित्त आहे. तयार तक्ता हाती आला की तो कसा वाचायचा, हा खरा मुद्दा. तुमच्या विषयात तक्ता खताचा असेल, नाहीतर सर्वेक्षणाचा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे हरणाची शिकार हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने मिळत. १९९१ च्या दुरुस्तीने तेही बंद झाले. मात्र उभ्या पिकाला किंवा माणसाच्या जिवाला धोका असेल, तर कलम ११ खाली परवानगी देण्याची तरतूद आहे आणि रोही, रानडुक्कर यांच्यासाठी महाराष्ट्रात ही वाट वापरली जाते. ज्युनिअरचा प्रश्न त्यामुळे हवेतला नव्हता.

तक्ता कुठून आला?

काडतुसाचं पितळी कवच दोन प्रकारचं असतं. एक बाटलीसारखं : खाली रुंद, वर गळा, त्यात बारीक गोळी. दुसरं सरळ : बुडापासून तोंडापर्यंत नळकांड्यासारखं. बाटलीच्या आकारात दारू जास्त आणि गोळी बारीक, म्हणून वेग जास्त. सरळ कवचातली गोळी साधारणपणे जाड, जड आणि त्यामानाने संथ.

मग लांबच्या पल्ल्यासाठी कोणी सरळ काडतूस का निवडेल? तिथेच खरी गंमत आहे. निवड शिकाऱ्याची नाही, कायद्याची आहे. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या काही राज्यांत जमीन सपाट, शेतं मोठी आणि मध्येमध्ये घरं. तिथे हरणाच्या शिकारीला रायफल चालत नसे, फक्त शॉटगन किंवा ठासणीची बंदूक. गोळी लवकर खाली पडावी, शेजारच्या घरापर्यंत जाऊ नये, हा हेतू. पुढे नियम थोडे सैल झाले. २०१४ मध्ये ओहायोने सरळ कवचाच्या काडतुसांना मुभा दिली. मिशिगननेही त्याच सुमारास दक्षिण भागासाठी दिली, पण अट घातली : कवचाची लांबी १.१६ ते १.८० इंच. आता ही अट बघा. १८७३ सालचं, अमेरिकी सैन्याचं जुनं ४५-७० हे सरळ काडतुसांचं मूळपुरुष म्हणावं असं. त्याचं कवच २.१ इंचांचं, म्हणून ते बाहेर. उलट २०१९ मध्ये विंचेस्टरने आणलेलं ३५० लेजंड १.७१ इंचांचं, म्हणून आत. गोळी किती लांब जाते यावर हा नियम थेट बोलतच नाही. मोजायला सोपी म्हणून पितळेची लांबी मोजतो.

म्हणजे हा तक्ता 'उत्तम काडतुसांचा' नाही, 'नियमात बसणाऱ्या काडतुसांचा' आहे. आधी चाळणी लागली, मग तुलना झाली. चाळणी कोणाची आणि कशासाठी हे न सांगता फक्त तुलना उचलली, तर वाचणाऱ्याला वाटतं की जगातलं सगळं पर्यायविश्व एवढंच. नमुना कसा निवडला हे तुमच्या प्रबंधात पहिल्यांदा का विचारतात, ते यावरून लक्षात येईल.

आणखी एक विसंगती आहे. पल्ला मर्यादित राहावा म्हणून नियम केला आणि तक्ता शोधतो त्या नियमात राहून सगळ्यात लांब काय जातं ते. शिकाऱ्याच्या बाजूने हे समजण्यासारखं आहे. धोरणाच्या बाजूने लिहिणाऱ्याने मात्र इथे थांबायला हवं होतं.

ऊर्जेचा रकाना

तक्त्यात शेवटचा शब्द ऊर्जेचा होता. शिकारी लेखनात एक जुना अंगठेनियम आहे : हरणापर्यंत पोचताना गोळीत १००० फूट-पाऊंड ऊर्जा उरली पाहिजे. ३५० लेजंडची १५० ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला २३२५ फूट वेगाने निघते, म्हणजे सुमारे १८०० फूट-पाऊंड. २०० यार्डांपर्यंत त्यातली निम्म्याच्या आसपास उरते. म्हणजे अंगठेनियमाची रेघ १५० ते २०० यार्डांच्या मध्ये कुठेतरी ओलांडली जाते आणि तक्ता तिथे 'कमाल पल्ला' लिहून मोकळा होतो.

आता कागद-पेन घ्या. ४५-७० ची जुनी सैनिकी गोळी ४०५ ग्रेनची, वेग साधारण १३५० फूट. तिची ऊर्जा येते सुमारे १६४०. म्हणजे लेजंड जिंकलं. पण वस्तुमान गुणिले वेग, म्हणजे संवेग काढा : ४५-७० चा संवेग लेजंडच्या दीडपटीहून जास्त. आता ४५-७० जिंकलं! गोळ्या त्याच, मोजपट्टी बदलली. ऊर्जेच्या सूत्रात वेगाचा वर्ग येतो, म्हणून ती वेगवान गोळीला झुकतं माप देते. संवेग जड गोळीला. आणि जनावर मरतं ते या दोन्ही आकड्यांनी नाही. गोळी काळजाला, फुप्फुसाला किंवा मज्जासंस्थेला कुठे लागली, किती खोल गेली, यावर ते ठरतं. १००० हा आकडा सोयीचा आहे, पण तो निसर्गनियम नाही. सिनॉप्सिसमध्ये तो 'निकष' म्हणून लिहिलात तर समितीतला एक जरी सदस्य जागा असला, तरी विचारेल : कोणी ठरवला आणि कोणत्या प्राण्यावर?

कोणत्या प्राण्यावर, हा तर आपल्या बाबतीत मोठाच प्रश्न. अमेरिकी तक्त्यातलं हरीण म्हणजे पांढऱ्या शेपटीचं. रोही हरीण नाहीच, तो गाय-बकरीच्या कुळातला कुरंग, आणि मोठा नर २०० किलोंच्या वर जातो. गंमत म्हणजे अमेरिकेतही रोही आहेत. टेक्सासमधल्या किंग रँचवर गेल्या शतकात ते नेऊन सोडले, तिथे वाढले आणि तिथे त्यांची शिकार होते. पण तिथले शिकारी रोह्यासाठी सहसा जास्त ताकदीची बाटली-काडतुसं सुचवतात. म्हणजे ज्या देशातून तक्ता आला, त्याच देशाने तो रोह्याला लावला नाही.

अंतराचा अंदाज

तक्त्यात एक रकाना नव्हताच : माणसाची चूक. ढोबळ हिशेब करू. २०० यार्ड म्हणजे १८३ मीटर. वेगवान गोळीला तिथे पोचायला समजा ०.३ सेकंद लागले, तर तेवढ्यात ती ४.९ × ०.०९, म्हणजे ४४ सेंटीमीटर खाली येते. जुन्या संथ गोळीला ०.५ सेकंद लागले, तर १२२ सेंटीमीटर. नेम बरोबर २०० यार्डांना बसवलेला असेल तर दोन्ही ठीक. पण जनावर २० मीटर पुढे असलं आणि अंदाज चुकला, तर पहिली गोळी नेमापेक्षा सुमारे ८ सेंटीमीटर खाली लागते आणि दुसरी १८ च्या आसपास. छातीतला प्राणघातक भाग चितळासारख्या हरणात फार तर पसरलेल्या तळहाताएवढा. दुसऱ्या गोळीने पोट किंवा पाय फुटतो आणि जनावर पळून जातं.

आणि हे दिवसाउजेडी, स्थिर हाताने. जागलीवर, रात्री, टॉर्चच्या झोतात २० मीटरची चूक ही चूकसुद्धा म्हणता येणार नाही. म्हणून 'कमाल पल्ला' हा काडतुसाचा गुण नाही. काडतूस, माणूस आणि जागा या तिघांचा मिळून तो गुण आहे.

फॉर्सिथ हे आधी म्हणाला होता

या वादाची आपल्या मातीतली एक जुनी आवृत्ती आहे. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ हा निमाडात जमाबंदीचं काम केलेला इंग्रज अधिकारी. मेळघाटाला लागूनच त्याचा मुलूख. 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे त्याचं पुस्तक १८७१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आलं. त्याआधी १८६० च्या दशकात त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं होतं. त्याचा मुद्दा थोडक्यात असा : इथल्या जंगलात जनावर जवळच्या पल्ल्यातच दिसतं, म्हणून लांब मारणारी बंदूक नको, त्या पल्ल्यात गोळी शक्य तितकी सपाट जाईल अशी हवी, म्हणजे अंतराचा अंदाज करावाच लागणार नाही. त्यासाठी त्याने मोठ्या नळीची, भरपूर दारूची, गोल गोळीची रायफल सुचवली. पुढे काडतुसं आल्यावर हेच काम 'एक्सप्रेस' रायफलींनी केलं. त्यांची ४५० आणि ५०० बोअरची लांब सरळ काडतुसं हिंदुस्थानात सांबर-चितळासाठी खूप वापरली गेली. सरळ कवच आपल्याकडे असं दीडशे वर्षांपूर्वीच येऊन गेलंय.

फॉर्सिथची रायफल आज कालबाह्य आहे, पण त्याच्या विचाराचा क्रम बरोबर आहे : आधी जागा, मग अंतर, मग चूक, शेवटी हत्यार. ज्युनिअरचा क्रम बरोबर उलटा होता.

म्हणून फॉर्सिथला डोक्यावर घ्यायचं असंही नाही. साधन म्हणून या शिकारी पुस्तकांत मोठी खोट आहे. मिळालेलं जनावर नोंदीत येतं. जखमी होऊन निसटलेलं आलं तर किस्सा म्हणून येतं, संख्येत नाही. आणि माग काढणारे, हाका करणारे कोरकू बहुतेक बिननावाचे राहतात, जरी जनावर कुठे, किती अंतरावर दिसेल हे ज्ञान त्यांचंच असे. म्हणजे 'जवळचा पल्ला' हा निष्कर्षसुद्धा यशस्वी नेमांवरून काढलेला असण्याची शक्यता आहे. जुनं साधन वापरताना त्यात काय आहे याइतकंच काय गळालंय तेही लिहा.

वऱ्हाडात आणल्यावर

मेळघाट-नरनाळ्याच्या डोंगरात टेकडी मागे असते, चुकलेली गोळी तिच्यात जिरते. खाली उतरा. अकोट, तेल्हारा, दर्यापूर, अंजनगाव : पूर्णेचं सपाट खोरं, काळी माती, तूर आणि हरभरा. रोही इथे येतो. मागे टेकडी नाही. मागे दुसऱ्याचं शेत आहे, त्यात ओलीत करणारा माणूस आहे, मचाणावर दुसरा जागल्या आहे. रायफलीची चुकलेली गोळी किलोमीटरच्या हिशेबात जाते. अमेरिकेतल्या त्या राज्यांनी ज्या भीतीपोटी नियम केले, ती भीती इथे जशीच्या तशी लागू आहे. तक्त्यातून नेमकी तीच गोष्ट गळली होती.

पण 'संथ गोळी म्हणजे सुरक्षित' हेही गृहीत धरू नका. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाच्या एका समितीने २००७ मध्ये हे तपासून घेतलं. निष्कर्ष असा की, नळी वर उचललेली असेल तर रायफलीचं धोक्याचं क्षेत्र मोठं. पण आडवी गोळी झाडली तर जमिनीवर आपटून उसळणाऱ्या गोळ्यांमुळे शॉटगनचं क्षेत्र रायफलीपेक्षाही मोठं भरलं. हे गणिती मॉडेल होतं आणि तिकडच्या परिस्थितीचं, हे लक्षात ठेवूनच वाचायचं. मे महिन्यात भेगा पडून दगड झालेली काळी माती आणि श्रावणातला चिखल यांत गोळी सारखीच उसळेल का? हा प्रश्न तक्त्यातून कधीच निघाला नसता. जागा पाहिली की निघतो.

आणि हत्यार कोणाकडे आहे? शस्त्र कायद्यातच पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे, म्हणजे कायद्याच्या डोळ्यासमोर शेतकरी म्हटला की ठासणी होती. इथे परवान्यावर मिळू शकणारी ओळखीची शिकारी रायफल म्हणजे सरकारी कारखान्याची ३१५ बोअर, तिचं काडतूस बाटलीच्या आकाराचं. सरळ काडतूस म्हणायचं तर आपल्याकडे बारा बोअर. तक्त्यातलं एकही नाव या यादीत नाही.

मग खर्ड्याचं काय केलं?

तक्ता अख्खा काढला नाही. त्यात एक गोष्ट चांगली होती, ती मान्य करायला हवी : वेग आणि ऊर्जा वेगवेगळ्या अंतरांवर दिली होती, फक्त नळीच्या तोंडाशी नाही. जाहिरातींत एवढंही नसतं. पण तो परिशिष्टात गेला, वर एक ओळ टाकून : 'ही यादी अमुक राज्यांच्या नियमांतून आलेली आहे.'

तिसऱ्या पानावर आता रिकामा तक्ता आहे. रकाने असे : शेतातून रोही प्रत्यक्ष किती अंतरावर दिसतो, दिवसा की रात्री, त्या रेषेत मागे काय आहे, परवानगी मागितली का, मिळाली तर गोळी कोणी झाडली, कोणत्या बंदुकीने, जखमी होऊन निघून गेलेल्या जनावरांची नोंद कुठे होते का, आणि मुळात मारण्याने पुढच्या हंगामात नुकसान कमी झालं का. शेवटचा रकाना भरायला दोन हंगाम लागतील. ज्युनिअर थोडा हिरमुसला, कारण भरलेला तक्ता देऊन त्याला रिकामा मिळाला.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. गावातल्या शेतांचे बांध पावलांनी मोजत होता. म्हणाला, "भाऊ, आमच्या हरभऱ्यातून तर दीडशे पावलांवरच दुसऱ्याची झोपडी लागते." त्या झोपडीपासून सिनॉप्सिस सुरू कर, असं मी त्याला सांगितलं.