‘किस्से-संजान’ व ‘दुख्तर-ए-लोर’ : स्थलांतराचीं दोन कथनें

इराणांतून हिंदुस्थानांत येणें या विषयावरील दोन फारसी कृती येथें तुलनेस घेतल्या आहेत. एक, बहमन कैकोबाद यानें १५९९ च्या सुमारास नवसारी येथें रचलेलें ‘किस्से-संजान’ हें काव्य. दुसरी, १९३३ मध्यें मुंबईच्या इंपीरियल फिल्म कंपनीनें काढलेला ‘दुख्तर-ए-लोर’ हा पहिला फारसी बोलपट. निर्माते अर्देशीर इराणी. लेखक व नायक अब्दुल हुसेन सेपंता. दोहोंची कसोटी मात्र डहाणू-तलासरीच्या भूमीवर पाहणें उचित होय.

काव्यांत निर्वासित संजानास उतरतात व राजा आश्रय देतो. पुढें संजान पडल्यावर पवित्र अग्नि बारा वर्षें बहारोटच्या डोंगरांत रक्षिला जातो. घटनेनंतर शतकांनीं रचलेल्या काव्यांतील वर्षसंख्या पुरावा म्हणून जशीच्या तशी घेतां येत नाहीं. तथापि बहारोटचीं लेणीं डहाणू तालुक्यांत आजहि उभीं आहेत.

बोलपटांतील गुलनार व जाफर दरोडेखोरांच्या तावडींतून सुटून मुंबईस येतात, आणि इराणांत नवी राजवट सुरू झाल्याचें कळतांच परततात. रूहअंगीझ सामीनेझाद यांची गुलनार ही फारसी बोलपटांतील पहिली नायिका. हें श्रेय मोठें आहे. परंतु कथेचा शेवट रेझाशाहीच्या स्तुतीसाठीं योजलेला दिसतो. ज्या मुंबईनें हा बोलपट घडविला ती कथेंत केवळ धर्मशाळा ठरते. यझ्द व केरमान सोडून आलेलीं अनेक इराणी कुटुंबें डहाणूस चिकूच्या वाड्या करून कायमचीं राहिलीं. त्यांच्या अनुभवास येथें जागा नाहीं. राहून गेलेल्यांचें मन काव्यासच अधिक उमगलें आहे, असें आमचें मत आहे.

तथापि एक उणीव दोहोंस समान आहे. पाहुणा बोलतो, राजा बोलतो. रानांतला रहिवासी बोलत नाहीं. याच मुलखांतील वारली सावकार-जमीनदारांच्या हातीं जमिनी जाऊन आपल्याच गांवीं परके झाले. त्या जमीनदारांत नाना धर्मांचे लोक होते. वेठ व लग्नगडी या प्रथांविरुद्ध १९४५ मध्यें वारल्यांनीं उठाव केला, तेव्हां कोठें त्यांचा आवाज कागदावर उमटला. घर न सोडतांहि मनुष्य विस्थापित होतो, हें या दोन कथनांच्या कक्षेबाहेर राहिलें.

म्हणून संग्राहकांस विनंति कीं, किस्स्याच्या पोथ्या व बोलपटाचीं जाहिरातपत्रें जपतांना या तालुक्यांतील गहाणखतें, खरेदीखतें व वेठीचे करारहि जपावे. आलेल्यांचा इतिहास त्यांवांचून अर्धाच राहील.