‘बालवीर’ शब्दात काय राहून गेले?

‘स्काउट’ला मराठीत आपण ‘बालवीर’ म्हटले, ‘गाइड’ला ‘वीरबाला’. शब्द रुळले, पण ‘स्काउट’चा मूळ अर्थ पुढे जाऊन पाहणी करणारा, टेहळणी करणारा असा आहे. हिंदीतील ‘बालचर’ त्याला अधिक जवळचा. आपल्या शब्दातून पाहणी गळाली, वीरता उरली, आणि या मुलांचे चित्रणही त्याच वळणाने गेले. अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावी १७ सप्टेंबरचे झेंडावंदन असो की शाळेचे स्नेहसंमेलन, स्काउटचा मुलगा दिसतो तो सलामी देताना. भाषणात तो ‘निर्भय’ असतो. त्याला काय दिसते, काय समजते, हे कोणी सांगत नाही.

हरीशचंद्र मेहराचे उदाहरण घ्या. २ ऑक्टोबर १९५७ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर पंतप्रधान नेहरू उपस्थित असताना शामियान्याला आग लागली. तेथे सेवेला असलेल्या या चौदा वर्षांच्या स्काउटने खांबावर चढून आपल्या चाकूने पेटते कापड कापले. बालशौर्य पुरस्कारांचा आरंभ या घटनेतून झाला. मुलगा धाडसी होता यात शंका नाही. पण सांगताना आपण धाडसापाशीच थांबतो. कापड का कापायचे? आग पसरायला जळण सलग लागते. मधला दुवा तोडला की ज्वालेची पुढची वाट खुंटते. वनखाते डोंगरावर जाळरेषा काढते ते याच तत्त्वावर. हे न सांगता नुसती उडी रंगवली, तर ऐकणाऱ्या मुलाच्या हाती उडीच येते, आणि ती जिवावर बेतू शकते.

दोष केवळ भाषांतराचा नाही. बेडन-पॉवेल लष्करी अधिकारी. मॅफेकिंगच्या वेढ्यात (१८९९-१९००) निरोप पोचवणाऱ्या मुलांच्या कथा चळवळीला पहिल्यापासून चिकटल्या. १९०९ मध्ये ती भारतात आली तेव्हा भारतीय मुलांना तिच्यात जागाही नव्हती. तरी त्यांचे १९०८ चे ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ शिक्षकांनी जरूर चाळावे. पावलांचे ठसे वाचणे, झाडाची उंची अंदाजणे, ताऱ्यांवरून दिशा ओळखणे, असा त्यात बराच ऐवज आहे. किपलिंगच्या ‘किम’वरून घेतलेला एक खेळ तर वर्गात सहज होतो: ताटात लहानसहान वस्तू मांडायच्या, मिनिटभर पाहू द्यायच्या, मग झाकून आठवतील तेवढ्या लिहायला सांगायच्या. गणवेश लागत नाही, खर्चही नाही. हा खेळ खेळणारा मुलगा वीर दिसत नाही. खाली मान घालून काहीतरी लिहीत बसलेला असतो. स्मरणिकेसाठी त्याचा फोटो कोणी काढत नाही.