ऑनलाइन शिक्षणाचा 'स्वीकार' : एका संकल्पनेची चिकित्सा

विद्यार्थी ऑनलाइन शिक्षण का स्वीकारतात, या प्रश्नावरील अनेक अभ्यास दोन प्रतिमानांचा आधार घेतात. फ्रेड डेव्हिस यांच्या १९८९ मधील तंत्रज्ञान स्वीकार प्रतिमानानुसार साधन उपयुक्त आणि सोपे वाटले, की माणूस ते वापरू लागतो. व्यंकटेश व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आठ प्रतिमानांचा मेळ घालून 'यूटॉट' मांडले. त्यात चार घटक आहेत : लाभाची अपेक्षा, श्रमाची अपेक्षा, सामाजिक प्रभाव आणि पूरक परिस्थिती.

या मांडणीने बरेच काही उलगडते. 'स्वयम्'वरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक एका सत्रात २० टक्क्यांपर्यंत ग्राह्य धरण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये दिली. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के झाली. श्रेयांक पदवीत जमा होऊ लागले की 'लाभाची अपेक्षा' वाढते, हे सहज पटते.

अडचण पुढे आहे. 'यूटॉट'मध्ये पहिले तीन घटक वापराचा इरादा घडवतात. पूरक परिस्थिती मात्र थेट प्रत्यक्ष वापरावर परिणाम करते. मूळ अभ्यासात चार संस्थांमधील कर्मचाऱ्यांचा सहा महिने मागोवा घेतला होता. याउलट, एकदाच प्रश्नावली भरून घेणारी पाहणी इराद्यापाशीच थांबते. मग चौथ्या घटकाचा खरा परिणाम दिसतच नाही.

भारतात तोच घटक निर्णायक आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये इंटरनेटची सोय शहरी भागात सुमारे ४२ टक्के, तर ग्रामीण भागात सुमारे १५ टक्के कुटुंबांकडे होती. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग बंद झाले, तेव्हा पर्यायही उरला नाही. घरातला एकच फोन भावंडांत वाटून घेत हजेरी लावणाऱ्या विद्यार्थिनीने ऑनलाइन शिक्षण 'स्वीकारले' असे म्हणायचे का? आणि 'पुढे असे शिकणार नाही' हे तिचे उत्तर नकारात्मक वृत्तीचे लक्षण मानायचे का?

हा केवळ शब्दांचा वाद नाही. दोष वृत्तीत दिसला की उपाय म्हणून प्रेरणा-कार्यशाळा घेतल्या जातात. दोष परिस्थितीत दिसला तर नेटवर्क, उपकरणे आणि अभ्यासाची जागा यांचा विचार होतो.

म्हणून असा अभ्यास वाचताना तीन प्रश्न विचारावेत : मोजले काय, इरादा की वापर? विद्यार्थ्याला निवड होती का? आणि ज्यांच्यापर्यंत प्रश्नावली पोहोचलीच नाही, ते कोण?