शिवराई वाचताना

दुसरबीड हे सिंदखेड राजा तालुक्यातलं गाव, म्हणजे जिजाऊंच्या माहेरचा मुलूख. इथल्या एका घरच्या देव्हाऱ्यातली शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, समोर आहे. घरच्यांना तिची किंमत हवी आहे. पण किंमत करायची तर आधी ती वाचली पाहिजे.

पुढच्या बाजूला तीन ओळी: श्री, राजा, शिव. 'श्री' ठसठशीत उमटलाय, 'राजा' पुरता आलाय. 'शि' मात्र एकटाच उरलाय, 'व' काठाबाहेर गेला. डावीकडे टिंबांच्या कड्याचा तुकडा स्पष्ट दिसतो, म्हणजे ठसा उजवीकडे सरकून बसला. ही नाणी हातोड्याच्या घावाने पाडत आणि तांब्याची चकती बऱ्याचदा ठशाहून लहान असे. तेव्हा हा 'व' झिजलेला नाही, तो कधी उमटलाच नव्हता. अपुरा ठसा आणि झीज यांची गल्लत झाली, की दर्जाचा अंदाज तिथेच चुकतो.

खरी झीज मागच्या बाजूला आहे. वर 'छत्र', खाली 'पति'. सणावाराला चिंच लावून घासल्याने अक्षरांचे माथे सपाट झालेत. पण 'छ'च्या आतल्या वळणात काळपट थर अजून टिकून आहे. वर्षानुवर्षं साचलेला हा थर जाणकाराला चकाकीपेक्षा मोलाचा वाटतो, आणि मलाही.

आता दुर्मीळपणा. 1674 च्या राज्याभिषेकापासूनचा हा मजकूर पेशवाईतही चालू राहिला, त्यामुळे शिवराया मुबलक आहेत. नुसत्या नावावरून महाराजांचा काळ ठरत नाही. सुरुवातीच्या शिवराया साधारण 11 ते 13 ग्रॅमच्या, नंतरच्या पुष्कळदा हलक्या. शिवाय अक्षरांचं वळण पाहावं लागतं. खरा दुर्मीळ तो सोन्याचा शिवराई होन.

समोरची हलकी आहे, अक्षरंही सैल आहेत. माझ्या मते ती उत्तरकाळातली, दर्जाने मध्यम. तरी तिचा 'श्री' पाहत राहावा असा आहे. ठशात अक्षरं उलटी कोरावी लागतात. त्या अनाम कारागिराने ती वेलांटी एका दमात वळवलेली दिसते.

घरात अशी शिवराई असेल तर कृपा करून चिंच-लिंबू लावू नका. तिला काठाला धरा, वजन करा, दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. आणि जमिनीत पुरलेला जुना ऐवज सापडला, तर त्याची किंमत 10 रुपयांवर असल्यास 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.