तैलरंगातील डोंगर आणि माणूस

चित्रकलेविषयी आपल्या समाजात जी चर्चा होते ती बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते : चित्र हुबेहूब साधले आहे की नाही? देवस्थानाच्या सभामंडपात लावावयाचे देणगीदाराचे चित्र असो, वा घरातील बैठकीत टांगलेले देवळाच्या तळीचे दृश्य असो, पाहणाराची कसोटी हीच. ही कसोटी खोटी नव्हे, परंतु अपुरी आहे. आणि तिच्या अपुरेपणामुळे चांगल्या चित्राची उपेक्षा व सामान्य चित्राचा गौरव असा उलटा व्यवहार अनेकदा घडतो. तैलरंग हाताळण्यात ज्याची बरीच वर्षे गेली अशा प्रस्तुत लेखकास याविषयी जे वाटते ते रसिक वाचकांपुढे ठेवीत आहे.

लेखकाचा मुक्काम ग्वाल्हेरच्या थाटीपुर भागात. शिंद्यांच्या अमलात या शहरी अनेक मराठी घराणी येऊन स्थायिक झाली, त्यांपैकीच आमचे एक. घराच्या गच्चीवरून पश्चिमेस ग्वाल्हेरच्या किल्ल्याची लांबलचक रेघ दिसते. सकाळी उगवतीचे ऊन थेट कड्यावर पडते आणि तो वालुकाश्म मधासारखा पिवळा होतो. दुपारी सावल्या आखडतात व कडा सपाट, धुरकट भासू लागतो. संध्याकाळी सूर्य किल्ल्यामागे उतरला म्हणजे तोच खडक नुसती जांभळट काळी पट्टी होऊन राहतो. डोंगर जागचा हालत नाही हे खरे. परंतु चित्रकार डोंगर रंगवीत नसून त्यावरचे ऊन रंगवीत असतो, आणि ते ऊन घटकाभरही एकसारखे राहत नाही. मग यांपैकी 'हुबेहूब' किल्ला कोणता म्हणावयाचा?

येथे तैलरंगाचा स्वभाव ध्यानी घेतला पाहिजे. जलरंग सुकतो तो त्यातील पाणी उडून गेल्यामुळे. तैलरंगातील अळशीचे तेल उडून जात नाही; ते हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते. पातळ थरास काही दिवस लागतात, जाड थराच्या पोटात ही क्रिया कित्येक महिने चालू राहते. म्हणूनच खालचा थर कमी तेलाचा व वरचा अधिक तेलाचा असावा, हा या कलेचा जुना नियम आहे. तो मोडला तर वरचा थर आधी ताठर होतो, खालचा अद्याप आकसत असतो, आणि चित्रास तडे जातात. अशा संथ माध्यमात क्षणाक्षणाला पालटणारा उजेड धरावयाचा म्हणजे एकच मार्ग उरतो : रोज त्याच वेळी त्याच जागी जाऊन बसणे, आणि वेळ टळली की कुंचला खाली ठेवणे. फ्रान्समध्ये क्लोद मोने याने रूआं येथील एकाच प्रार्थनामंदिराची तीसहून अधिक चित्रे १८९२ ते १८९४ या काळात रंगविली, ती याच जाणिवेतून. देऊळ एकच, पण प्रत्येक प्रहराचे चित्र निराळे.

मध्य भारतातील मराठी चित्रकारांत ही शिस्त इंदूरच्या दत्तात्रेय दामोदर देवळालीकरांनी रुजविली. विद्यार्थ्यांस वर्गाच्या भिंतींत न कोंडता त्यांनी उघड्यावर, रस्त्यांत व बाजारांत चित्रे काढावयास नेले. त्यांचे शिष्य नारायण श्रीधर बेंद्रे (१९१०–१९९२) हे पुढे काश्मीरपासून काशीपर्यंत हिंडले आणि १९५० पासून बडोद्यास अध्यापन करून त्यांनी एक पिढी घडविली. बेंद्र्यांच्या निसर्गचित्रांत झाडाची पाने मोजलेली नसतात, घराच्या विटा मांडलेल्या नसतात. उन्हाचा एक मोठा तुकडा, छायेचा दुसरा, आणि त्यांच्या सीमेवर उभी असलेली दोन-चार माणसे, एवढ्यावर ते स्थळ उभे राहते. तपशिलाचा लोभ सोडल्यामुळेच त्यांच्या चित्रात दिवसाची वेळ कळते. लेखकाच्या मते निसर्गचित्राची खरी परीक्षा हीच होय.

व्यक्तिचित्रात हाच प्रश्न दुसऱ्या रूपाने येतो. माणूस खुर्चीवर बसतो, पण त्याचे मन बसत नाही. पहिल्या बैठकीत तो चित्रकारापुढे ताठ होतो. तिसऱ्या-चौथ्या बैठकीस कंटाळतो, स्वतःशी विचार करू लागतो, आणि तेव्हा कोठे त्याचा नेहमीचा चेहरा वर येतो. गोव्यातील सांगे येथे जन्मलेले आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५), ज्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत अध्यापन केले, त्यांनी आपली पत्नी फ्लोरेंतिना हिची चित्रे वारंवार रंगविली. त्यांत पोशाखाची व दागिन्यांची मिरवणूक नाही. ज्या चेहऱ्याशी रोजचा सहवास आहे त्याविषयीची निवांत खात्री आहे. पणजीस फुंदासांव ओरिएंत या संस्थेकडे त्रिंदादांच्या चित्रांचा संग्रह आहे. आपल्या कोंकणी बांधवांनी देवदर्शनास गोव्यात गेल्यावर तो अवश्य पाहावा.

सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे हाती निरांजन धरलेल्या स्त्रीचे चित्र तर घरोघरी ठाऊक आहे. पुष्कळजण ते रविवर्म्याचे तैलचित्र समजतात. वस्तुतः ते हळदणकरांचे जलरंगातील चित्र असून मूळ कृती म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे, आणि त्यासाठी त्यांची कन्याच उभी राहिली होती. ज्योतीचा उजेड बोटांतून लालसर होऊन चेहऱ्यावर चढतो, तेथे व्यक्ती आणि उजेड यांचा भेद उरत नाही. निसर्गचित्राची व व्यक्तिचित्राची वाट येथे एक होते.

आता एक स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका देवस्थानाच्या विश्वस्तांनी लेखकाकडे एका दिवंगत देणगीदाराचे, बोटभर उंचीचे छायाचित्र आणून दिले व सभामंडपासाठी मोठे तैलचित्र मागितले. त्या छायाचित्रात झगझगीत उजेड समोरून मारलेला होता. त्यामुळे नाकाची, डोळ्यांच्या खोबणीची, हनुवटीची छाया पार पुसली गेली होती. छाया नाही तेथे आकार नाही. लेखकाने त्या छाया कल्पनेने घातल्या, शाल व अंगठी मात्र मन लावून रंगविली, आणि मोबदला घेतला. अनावरणाच्या दिवशी सर्वांनी वाहवा केली. त्या गृहस्थांच्या वृद्ध पत्नी बराच वेळ चित्रापुढे उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, चेहरा ह्यांचाच आहे हो, पण हे आमच्याकडे बघत नाहीत."

त्या एका वाक्यात जेवढी समीक्षा होती तेवढी लेखकाने कोणत्याही प्रदर्शनात ऐकलेली नाही. छायाचित्र एका निमिषाचे असते. त्यात लबाडी नाही, त्याचा तो धर्मच आहे. तैलचित्र अनेक दिवसांच्या पाहण्याचे असावयास हवे. ते पाहणे घडलेच नसेल तर तेल, रंग व सोनेरी चौकट यांनी त्याची भरपाई होत नाही.

यास्तव देवस्थानांच्या व्यवस्थापकांस विनंती की, ज्या वडीलधाऱ्यांचे चित्र सभामंडपात असावे असे वाटते त्यांना हयातीतच चित्रकारापुढे चार सकाळी बसवावे, आणि शक्य तर उत्तरेच्या खिडकीपाशी, कारण तेथे ऊन थेट येत नाही व उजेड बराच वेळ सारखा राहतो. वेळ निघून गेली असेल तर त्यांचे छायाचित्रच नीट चौकटीत लावावे. त्यात कमीपणा नाही. आणि चित्रापुढे उभे राहिल्यावर आपण सर्वांनी हुबेहूबपणाच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा : हे चित्र कोणत्या वेळचे आहे, आणि काढणाराने कितीदा पाहिले आहे? डोंगर असो वा माणूस, जे पुनःपुन्हा पाहिले गेले तेच चित्रातून आपल्याकडे पाहते.