आमच्याकडं येतंय की!

माझा मोबाइल गेला. गेला म्हणजे चोरीला नाही, देवाघरी. पाच वर्षं इमानेइतबारे सेवा करून एका सकाळी चार्जिंगला लावलेला असतानाच त्याने डोळे मिटले. दुसरं कुणी गेलं असतं तर चार माणसं समाचाराला आली असती. याच्यासाठीही आली, पण सल्ला द्यायला. साताऱ्यात उसने पैसे मागायला गेलात तर दार उघडायला अंमळ वेळ लागतो. ‘कुठला फोन घेऊ हो?’ एवढं नुसतं म्हणून बघा, शनिवार पेठेतलं प्रत्येक दार उघडतं आणि आतून एकेक समीक्षक बाहेर पडतो.

समीक्षक हा शब्द मी उगाच वापरत नाही. तरुणपणी सांगलीला नोकरीत असताना एका साप्ताहिकात मी नाटकांची परीक्षणं लिहीत असे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हापासून सांगली ही नाट्यपंढरी. तिथे जन्मलेलं मूलसुद्धा आधी सुईणीच्या अभिनयाबद्दल मत बनवतं आणि मग रडतं. अशा गावात परीक्षण लिहिणं म्हणजे आचाऱ्याला फोडणी शिकवणं. पण आमची एक शिस्त होती. नाटक बघितल्याशिवाय लिहायचं नाही. (दोनदा मी दुसऱ्या अंकात झोपलो होतो, पण थिएटरात होतो.) त्या जुन्या अधिकारात सांगतो, आज आपल्याकडे सर्वांत जोरात चालणारी समीक्षा नाटकाची नाही की पुस्तकाची नाही, ती मोबाइलची, नेटची आणि गेमची आहे. इतकी समीक्षा होते, पण या समीक्षेची समीक्षा कुणी केलेली माझ्या पाहण्यात नाही. म्हणून हा उद्योग.

पहिले आले शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांच्याकडे २००३ साली निघालेला नोकिया ११०० आहे आणि तो अजून चालतो. त्यानंतर दूरध्वनिशास्त्रात काही प्रगती झाली आहे असं त्यांना वाटत नाही. कुठल्याही फोनचं नाव काढा, त्यांचा एकच प्रश्न : ‘बॅटरी आहे?’ त्यांच्या भाषेत बॅटरी म्हणजे विजेरी. आधी मला हसू आलं. मग आठवलं, ते भारनियमनाचे दिवस होते. संध्याकाळी जेवणाच्या ताटावर अंधार पडायचा आणि फोनच्या डोक्यावरचा तो एवढासा दिवा आमटी कुठे आणि ताक कुठे ते दाखवायचा. पोस्टमास्तरांचं मत वीस वर्षं जुनं असेल, पण ते वापरून बनवलेलं आहे. बाकीच्यांबद्दल मला तेवढं म्हणता येणार नाही.

कारण दुसरे आले ते बँकेतले साहेब, आणि ते मेगापिक्सेलवर बोलले. एकशे आठच्या खाली घेऊच नका म्हणाले. त्यांनी काढलेले फोटो मी पाहिले. लाइटचं मीटर, गॅसचं पुस्तक, आणि पळत्या नातवाची पाठ. भिंगावर अंगठ्याचा तेलकट ठसा असला की बारा काय नि एकशे आठ काय, मीटर सारखाच धुरकट दिसतो. तिसरी समोरची कॉलेजकन्यका. ती रॅम, प्रोसेसर, रिफ्रेश रेट असं बरंच बोलली. मला त्यातलं काही कळलं नाही, पण ऐकायला झपताल ऐकल्यासारखं बरं वाटलं. आमच्या हिचं मत सर्वांत आटोपशीर : “कुठलाही घ्या. तुम्ही उचलत नाहीच.”

शेवटी पोवई नाक्यावर दुकानात गेलो. काउंटरवर विशीतला पोरगा. त्याने विचारलं, “काका, वापरणार कशाला?”

वाचकहो, आठ दिवसांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मी गडबडलो. “बातम्या, बँक, नातवंडांचे फोटो,” म्हणालो. उत्तर संपूर्ण खरं नव्हतं, ते पुढे येईलच. पोराने मान डोलावली आणि मग त्याला जो खपवायचा होता तोच फोन मला दिला. पण प्रश्न बरोबर विचारला होता, हे मानलं पाहिजे.

फोनचं एक वेळ राहू द्या. नेटची समीक्षा हा खरा प्रांत. आमचं घर जुना वाडा. भिंती दोन-दोन हात जाड, दगडामातीच्या. शत्रूचा गोळा आत येऊ नये म्हणून बांधलेल्या भिंतीतून रेंज कशी येणार? मोबाइलवर बोलायचं तर मला तुळशीवृंदावनापाशी उभं राहावं लागतं, त्यामुळे माझा प्रत्येक कॉल नकळत धार्मिक होतो. म्हणून केबलवाल्याचं फायबर घेतलं. राउटरवर दोन नावं दिसतात. एक सुसाट धावतं, पण भिंत आली की बसकण मारतं. दुसरं रमतगमत चालतं, पण भिंतीपलीकडे जातं. दोघांनाही सगळीकडे पोचता यावं म्हणून राउटर घराच्या मध्यावर ठेवा म्हणतात. आमच्या घराच्या मध्यावर देवघर आहे. तेव्हा राउटर समईशेजारी विराजमान आहे, आणि पाहुणे येतात ते आधी त्याच्याकडे बघून हात जोडतात.

आणि तरीही नेट जातं. मग आपण शेजाऱ्याला विचारतो, आणि शेजारी ते वाक्य उच्चारतो. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत सव्वाशे किलोमीटरच्या पट्ट्यात कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा कुठेही उतरून विचारा, तेच वाक्य : “आमच्याकडं येतंय की!” यात माहिती कमी आणि समाधान जास्त. आपलं नेट गेल्याचं दुःख असतं तेवढंच शेजाऱ्याचं न गेल्याचंही असतं. अमुक कंपनी चांगली, तमुक टाकाऊ, अशी जी मतं आपण ऐकतो त्यांचा सारा पुरावा म्हणजे बोलणाऱ्याची गॅलरी. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि पुढच्या मार्चअखेरपर्यंत डेटा फुकट मिळाला, तेव्हा तर समीक्षेला महापूरच आला. त्याआधी महिन्याची एक जीबी तुपासारखी पुरवून वापरणारी माणसं दिवसाची एक जीबी दुपारपर्यंत संपवू लागली आणि उरलेला दिवस स्पीडवर टीका करू लागली.

आता सांगलीला चला. तिथे गावभागात माझी धाकटी बहीण राहते. दाजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. त्यांनी शंभरचा प्लॅन घेतला, आणि काहीतरी उतरवून घेताना आकडा दिसला बारा. झालं! शंभर सोडलं आणि बारा पोचलं म्हणजे वाटेत कुणीतरी अठ्ठ्याऐंशी चोरून शेतात वळवलं, असा खात्यातला अनुभव. केबलवाल्या पोराला पंधरा दिवस त्यांनी रोज फैलावर घेतलं. तो बिचारा येऊन वायर खालीवर करून जाई. शेवटी भाच्याने उलगडा केला. प्लॅन असतो बिटमध्ये, आणि उतरवताना दिसतं ते बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. शंभर भागिले आठ, साडेबारा. क्युसेक आणि टीएमसी यांच्यात अख्खी हयात गेलेल्या माणसाला एककात फसावं लागलं, हे दाजींना लागलं. दोन दिवस ते जेवताना बोलले नाहीत.

हा भाचा इंजिनिअरिंगला आहे. शिकतो किती ते वर्षाअखेर कळतं, खेळतो किती ते रोज कळतं. आमच्या पिढीत लोक काळ मोजायचे तो १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने. हा मोजतो पबजीने. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली, २०२१ च्या जुलैत ती नवं नाव घेऊन परत आली, २०२२ च्या जुलैत पुन्हा गेली, २०२३ च्या मेमध्ये पुन्हा आली. माहेरवाशीणही इतक्यांदा ये-जा करत नाही. पण एक सांगतो, मला भेटलेल्या सगळ्या समीक्षकांत हाच खरा. मी म्हटलं, “अरे, शंभरचा स्पीड आहे, तरी ओरडतोस काय?” तर म्हणाला, “मामा, स्पीड नको, पिंग पायजे.”

पिंग म्हणजे इथून निघालेला इशारा तिकडच्या यंत्रापर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. तो मोजतात मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात. गेमला डेटा थोडाच लागतो, पण तो ताबडतोब लागतो. मला काही उमजेना. दाजी मात्र खुर्चीतून उठलेच. “म्हणजे कोयनेतनं किती क्युसेक सोडलं ते नव्हे! आयर्विन पुलाखाली यायला किती तास लागले, ते!” भाचा म्हणाला, “तेच की ओ, पप्पा.” त्या घरात बापलेकांचं एकमत झालेलं मी तेव्हा प्रथमच पाहिलं. पोराला काय पाहिजे ते नेमकं माहीत होतं, म्हणून त्याच्या तक्रारीला अर्थ होता.

आता माझी कबुली. पोवई नाक्यावर मी जे सांगितलं नाही ते हे, की गेलं वर्षभर रात्री सगळे झोपल्यावर देवघरापाशी बसून मी फोनवर रमी खेळत होतो. पैसे लावून. पहिल्यांदा त्यांनीच पन्नास रुपये दिले, पुढे मी तीन हजार चारशे दिले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि माझी अब्रू वाचली. हिला वाटतं, माझं जागरण कमी झालं ते हिच्या काढ्याने. भाच्याला मी विश्वासाने सांगितलं, तर तो म्हणतो, “बघ मामा, त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला मान्यता हाय. म्हणजे मी खेळाडू आणि तू जुगारी.” काय बोलणार? फोनच्या दर्जावर महिनाभर बोललो असतो. फोनवर मी काय करतो, यावर एक वाक्य फुटेना.

परवा सांगलीला गेलो तेव्हा बहिणीने नवीनच काढलं होतं. त्यांच्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तीनेक हजार वस्तीचं. तिथे २०२२ साली गावाने ठरवलं की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद, ते साडेआठच्या भोंग्यापर्यंत. मुलांनी वाचायचं, अभ्यास करायचा. (आमच्या साताऱ्याकडे भिलार हे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, पण तिथे जायला मी फोनवरच नकाशा लावला होता.) वडगावची बातमी पेपरात आली तेव्हा बहिणीने ती कापून ठेवली होती. आता आठवण झाली. घरात भोंगा नव्हता, तेव्हा सातला तिने कुकरची शिट्टी करवली आणि राउटरचं बटण बंद केलं.

मग आम्ही चौघं बसलो. पहिली दहा मिनिटं कुणाला काही सुचेना. दाजींनी पंख्याकडे पाहिलं. भाच्याने पुस्तक उघडलं, आणि ते उलटं असल्याचं त्याच्या उशिरा लक्षात आलं. बोलायचं म्हटलं की जिभेवर नेटच येई, आणि ते तर बंद. तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवली.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाखाली पंचेचाळीस फूट म्हणजे धोक्याची खूण, आणि कृष्णा केव्हाच त्याच्या वर गेलेली. गावभागात पाणी शिरलं होतं. वीज नाही, टॉवर एकेक बंद पडत होते. तुळशीपाशी उभा राहून मी फोन लावत होतो. शंभरदा लावल्यावर एकदा लागला. “दादा, आम्ही वरच्या मजल्यावर आहोत,” ती म्हणाली, “आणि एक सांगायचं होतं, आईची ती–” आणि फोन तुटला. मग दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी दाजींच्या आईच्या जुन्या बटणांच्या फोनवरून एक ओळ आली : सुखरूप आहोत. त्या फोनला विजेरी होती. पोस्टमास्तरांना मी पेढे नेऊन दिले.

“अगं,” मी विचारलं, “तेव्हा तू म्हणत होतीस ‘आईची ती’, ती काय?”

तिला आधी आठवेना. मग हसली. “लोणच्याची बरणी. तिकडनं आणलेली. खाली राहिली होती. म्हटलं, तुला आधी सांगून ठेवावं, नंतर बोलायला नको.”

“मग?”

“मग काय? चिखल काढताना सापडली. एक कान उडालाय फक्त.” तिने आत जाऊन ती आणली. आता तिच्यात मीठ असतं. त्या मिठाचं मी सहा वर्षं जेवत होतो. प्रत्येक खेपेला या घरी येऊन दाजींच्या राउटरबद्दल तासतासभर बोललो, आणि बरणीचं विचारायचं राहून गेलं होतं. आम्ही ती हातात घेऊन बसलो. आईचं लोणचं दर वर्षी खारट का व्हायचं, यावर आमचं भांडणही झालं. कुकर गार होऊन गेला. साडेआठ वाजून गेलेले कुणाच्या लक्षात आले नाहीत, भाच्याच्यासुद्धा.

तेवढ्यात कंपाउंडच्या भिंतीपलीकडून शेजाऱ्यांनी हाक मारली, “ओ साहेब, नेट गेलंय का ओ? आमचं संध्याकाळपास्नं नाही बघा.”

राउटर कोनाड्यात बंद पडलेला. त्याच्यावर एक दिवा नाही. दाजींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. खिडकीतून मान बाहेर काढून खणखणीत आवाजात म्हणाले, “आमच्याकडं येतंय की!”