स्वतःला पुसणारी फ्लॉपी

संशोधनात येणाऱ्यांना परीक्षण करायची भीती वाटते. खरं तर सुरुवातीला दोन प्रश्न पुरतात. या कामाचा दावा काय? आणि तो मोडायला काय करावं लागेल? आज हे प्रश्न एका फ्लॉपीला विचारू.

विज्ञानकथालेखक विल्यम गिब्सन यांची 'अग्रिपा' ही सुमारे ३०० ओळींची कविता १९९२ मध्ये ३.५ इंची फ्लॉपीवर आली. केविन बेगॉस हे प्रकाशक आणि डेनिस अ‍ॅशबॉ हे चित्रकार. त्यांनी केलेल्या पुस्तकात ही फ्लॉपी ठेवलेली होती. मॅकिंटॉशवर प्रोग्रॅम सुरू केला की कविता पडद्यावर आपोआप सरकत जाते. मागे जाऊन पुन्हा वाचायची सोय नाही. शेवटी फ्लॉपीवरची प्रत निकामी होते.

गिब्सन लहान असताना त्यांचे वडील गेले. कविता आहे ती वडिलांच्या जुन्या फोटो-अल्बमबद्दल. आठवण हाताला लागते आणि सुटते, म्हणून माध्यमही तसंच. कल्पना जोरदार आहे. ज्याच्याकडे अशी फ्लॉपी आहे त्याची पंचाईत बघा: वाचली तर गेली, जपली तर वाचलीच नाही! इतका साधा पेच एका प्लास्टिकच्या चौकोनातून उभा करणं, हे या कामाचं खरं यश.

आता दावा तपासू. १.४४ एमबीच्या फ्लॉपीला दोन बाजू असतात. प्रत्येक बाजूवर ८० ट्रॅक, ट्रॅकवर १८ सेक्टर, सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट येतात. म्हणजे फ्लॉपीवरचा मजकूर हा शेवटी आकड्यांचा एक क्रम, आणि असा क्रम दुसरीकडे जसाच्या तसा उतरवता येतो. फ्लॉपी चालवण्याआधी कुणी तिची पूर्ण प्रत काढून ठेवली, तर पुसली जाते फक्त एक प्रत. कविता शाबूत राहते.

दावा मोडलाही तसाच. डिसेंबर १९९२ मध्ये न्यूयॉर्कला सादरीकरण झालं, तेव्हा पडद्यावरची कविता गुपचूप व्हिडिओत टिपली गेली आणि मजकूर लगोलग ऑनलाइन पसरला. २००८ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासकांनी एका मूळ फ्लॉपीची डिस्क-इमेज घेतली आणि जुन्या मॅकच्या इम्युलेटरवर कविता चालवली. आता ती हवी तितक्या वेळा 'मरते' आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

कुणी म्हणेल, अहो, ही कला आहे, प्रयोगशाळेतलं उपकरण नाही. मान्य. पण माझा आक्षेप कवितेच्या आतलाच आहे. 'अग्रिपा' म्हणते, वाचल्याने मजकूर मरतो. फ्लॉपीच्या बाबतीत बहुतेकदा उलट घडतं: न वाचल्याने मजकूर मरतो. चकतीवरचा चुंबकीय लेप हळूहळू खराब होतो, बुरशी धरते. ड्राइव्ह मिळेनासे होतात. सोनीने तर २०११ मध्ये या फ्लॉप्या बनवणंच थांबवलं. सगळं जमून फाइल उघडली तरी आपल्याकडे तिसरी अडचण असते. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी, तो फॉन्ट नसेल तर निव्वळ रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसतं. बाइट जागेवर आहेत, मजकूर गेला! हे मरण कुठल्याही पडद्यावर सरकत नाही, कुणाला कळतही नाही. कवितेला ते दिसलेलं नाही.

गंमत बघा: नष्ट होण्यासाठी बनवलेली कविता आज वाचता येते, आणि जपण्यासाठी लेबल लावून कपाटात ठेवलेल्या किती फ्लॉप्या मुक्या झाल्या असतील! फरक माध्यमाचा नाही, दोन्हीकडे फ्लॉपीच. कवितेमागे माणसं लागली. त्यांनी ती उतरवून घेतली, नव्या यंत्रावर चालवून बघितली. कपाटातल्या फ्लॉपीसाठी हे कुणी केलं नाही.

म्हणून पीएचडीचा डेटा जमवायला लागाल तेव्हा 'सेव्ह केलंय' एवढ्यावर थांबू नका. दुसरी प्रत दुसऱ्या जागी आहे का? ती फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते का? आणि ती प्रत शेवटची कधी उघडून वाचली होती? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तुमच्याकडे डेटा आहे हा अजून एक दावाच आहे. तोही तपासा.